पाच चुकांचं कुलूप

हॉस्पिटलात त्याला सगळे नावाडी म्हणत. होडीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, गुडघाभर पाणी पाहिलं तरी त्याच्या पोटात गोळा यायचा. पण इथे कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मेंदूचा सर्जन असो की स्ट्रेचर ढकलणारा, कॉम्प्युटरमध्ये शिरायला जे लॉगिन नाव लागतं ते हा माणूस द्यायचा. नावं देतो तो नावाडी, असा कुणा डॉक्टरने विनोद केला आणि तो चिकटला. त्यालाही आवडला. एरवी त्याची चेष्टा करणाऱ्याला तो वर्षानुवर्षं पाण्यात पाहायचा.

त्याची खोली तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागे होती. यंत्रांसाठी आत एवढा गारठा ठेवलेला की बाराही महिने तो स्वेटर घालून बसे. लोकांशी बोलायला एक काचेची खिडकी होती. काच वर सरकायची, पण तो ती वीतभरच वर ठेवी, म्हणजे बोलणाऱ्याला कमरेत वाकावं लागे. एखादा उंचापुरा सर्जन वाकला की त्या दिवशी नावाडीला जेवण गोड लागायचं.

आतल्या कारभाराला तो 'माझी डिरेक्टरी' म्हणे, जणू वडिलांनी मागे ठेवलेली इस्टेटच. इस्टेट हॉस्पिटलची होती. इथे कोण कोण काम करतं, कुणाला काय उघडता येतं, कुणी कशावर सही करायची, हे सगळं त्या एका जागी नोंदलेलं असायचं. डॉक्टरने वॉर्डातून लॉगिन केलं काय किंवा नर्सने ऑपरेशन थिएटरमधून केलं काय, दार एकच होतं आणि दारावर हा बसलेला.

नाव द्यायचा त्याचा नियम साधा होता. माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर, त्याला जोडून आडनाव. दोघांचं सारखंच आलं तर नंतर येणाऱ्याच्या मागे आकडा. एकदा एका नव्या डॉक्टरीणबाईंच्या नावामागे आकडा लागला तेव्हा त्या फणकाऱ्याने विचारायला आल्या. "तुमच्या नावाचे एक गृहस्थ आधीच आहेत ना," नावाडी म्हणाला, "शवागारात असतात. म्हणजे कामाला असतात. ते आधी आले." हे तो नंतर महिनाभर ज्याला त्याला सांगत होता.

नाव बदलून द्या म्हणणाऱ्याला तो एकच उत्तर देई: सिस्टिम घेत नाही. हे धादांत खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. डिरेक्टरी माणसाला नावाने ओळखतच नाही. खातं उघडलं की ती त्याला आतल्या आत एक लांबलचक आकडा देते, तो त्या माणसाचा कायमचा, पुन्हा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. वरचं नाव दहा वेळा बदला, खालचा आकडा तोच राहतो, फायली, मेल, सह्यांचे अधिकार सगळं जागच्या जागी. बदलायला चहा निवेपर्यंतही वेळ लागत नाही. मोठ्या डायरेक्टरांचं नाव नियमाप्रमाणे केलं तेव्हा ते मोठ्याने वाचलं की शिवी निघायची. ते त्याने कुणी न सांगता, त्याच दुपारी गुपचूप बदललं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा नियम डिरेक्टरीतही चालतो.

पासवर्ड पाच वेळा चुकला की खातं आपोआप बंद व्हायचं. चोराने अंदाज बांधत बसू नये म्हणून ही सोय असते. बहुतेक ठिकाणी असं खातं थोड्या वेळाने आपलं आपण उघडतं. नावाडीने मात्र अशी व्यवस्था केली होती की त्याने हाताने उघडल्याशिवाय ते उघडायचंच नाही. "आपोआप उघडायला लागलं तर माझ्याकडे कोण येईल?" असं तो एकदा बायकोला म्हणाला होता. तिने भाजी चिरता चिरता नुसतं वर पाहिलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये एक बाई रक्त तपासायच्या. अंगाने बारीक, चालायला भरभर, बोलायला कमी. वर्षावर्षाच्या करारावर होत्या. त्यांची पाळी सकाळी सातला सुरू व्हायची, नावाडी उगवायचा नऊला. रक्ताच्या रिपोर्टवर ज्याने तपासलं त्यानेच आपल्या लॉगिनने सही करायची, दुसऱ्याच्या नावाने केली तर दोघंही घरी, असा हॉस्पिटलचा कडक कायदा. आणि त्या बाईंचं खातं सकाळी सकाळी बंद सापडायला लागलं. एकदा झालं, दोनदा झालं, मग आठवड्यातून तीन-तीनदा. यंत्रातून आकडे बाहेर पडलेले, वॉर्डातून फोनवर फोन, आणि सही करता येत नाही म्हणून नऊ वाजेपर्यंत रिपोर्ट अडकून पडलेले.

नऊ वाजता बाई खिडकीपाशी वाकून उभ्या असत.

"काय बाई, आज पण पाच चुका?"

"मी टाइपच केलं नाही हो. आले, बसले, पहिल्यांदाच पासवर्ड टाकला तर म्हणे खातं बंद."

"मग माझ्या डिरेक्टरीला भूत लागलं असेल!"

मागे उभे असलेले हसत. नावाडीला हसणारी माणसं मागे असली की चेव यायचा. त्याने बाईंचं नावच पाडलं, पाचचुकी. महिनाभरात ते वॉर्डावॉर्डात पोचलं. नर्सा फोनवर विचारू लागल्या, "पाचचुकी आहे का? बघा बाई, आज तरी रिपोर्ट देताय का." नावं देणं हा त्याचा धंदाच होता, आणि हे नाव काही त्याच्या नियमात बसणारं नव्हतं, पण सगळ्यात पक्कं हेच बसलं.

बाई किती वेंधळ्या आहेत हे सिद्ध करायलाच एकदा त्याने डिरेक्टरीची नोंद उघडली. तिथे कोणी, कधी, कुठून पासवर्ड चुकवला ते सगळं दिसतं. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. चुका लॅबमधून होतच नव्हत्या. आपली ड्युटी घरून पाहता यावी म्हणून कर्मचाऱ्यांसाठी एक पान बाहेर उघडं ठेवलं होतं, त्या पानावरून रोज पहाटे कुणीतरी बाईंचं लॉगिन नाव टाकत होतं आणि मिनिटभरात पाच वेळा काहीबाही पासवर्ड मारून निघून जात होतं. बाई त्या वेळी बसमध्ये असायच्या. नावाडीला वाईट वाटलं, पण ते आपला विनोद फुकट गेल्याचं.

दुसऱ्या दिवशी त्याने खिडकीतूनच विचारलं, "तुमच्या नावाने घरून कोणी लॉगिन करतं का?"

बाईंनी मागे पाहिलं. मागे दोघं उभे होते. त्या आणखी वाकल्या. "मी आता तिथे राहत नाही. मुलाचे वडील आहेत ते. पूर्वी त्यांच्याच कॉम्प्युटरवरून ड्युटी बघायचे मी, त्यामुळे नाव त्यांना पाठ आहे. पासवर्ड मी बदललाय. पण त्यांना आत यायचंच नाहीये. पाच वेळा काहीतरी टाकलं की त्यांचं काम झालं. त्यांनी सांगितलंच होतं, नोकरी टिकू देणार नाही."

"मग पोलिसात जा."

"तुम्ही नुसतं नाव बदलून द्या ना. दुसरं काहीही द्या. त्यांना माहीत नसलं म्हणजे झालं."

"सिस्टिम घेत नाही."

"माझा करार संपत आलाय हो. मुलगा कोर्टाने माझ्याकडे दिलाय तो नोकरी आहे म्हणून."

"नवराबायकोची भांडणं घरी मिटवायची असतात, बाई. माझ्या डिरेक्टरीला कशाला मध्ये ओढता?" नावाडी म्हणाला. मग मान वाकडी करून त्यांच्या मागे पाहिलं. "हं, पुढचे कोण?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. त्या माणसाकडे निदान राग होता, कसलाही का असेना. नावाडीचा तर त्या बाईंवर रागही नव्हता. त्याला फक्त 'नाही' म्हणायला आवडायचं.

मग एक दिवस रिपोर्ट नाही म्हणून टेबलावर घेतलेला पेशंट खाली उतरवावा लागला. सर्जन लॅबमध्ये जाऊन ओरडले. लॅबच्या मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्या बाईंना घेऊन तळमजल्यावर आल्या. त्या खिडकीपाशी वाकल्या नाहीत. दार ढकलून सरळ आत आल्या.

"मला आत्ता यांच्याकडून कळलं," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "बाहेरचा एक माणूस रोज येऊन तुमच्या दाराला कुलूप घालून जातो, आणि तुम्हाला ते महिनाभर माहीत आहे. इथे मालक कोण आहे, तुम्ही की तो?"

खिडकीबाहेर चार माणसं ऐकत होती. नावाडीचे कान तापले. बाईंच्या मुलासाठी जे झालं नाही ते या एका वाक्याने झालं. "तसं करता येतं, मॅडम," तो म्हणाला, "जरा खटपट आहे, पण मी करतो." आणि त्याने खटपट केली, म्हणजे दोन ठिकाणी क्लिक केलं. जुनं नाव मुळापासून काढलं. नवं काय ठेवायचं म्हणून विचारलं तेव्हा बाईंनी एका चिठ्ठीवर एक शब्द लिहून त्याच्यापुढे सरकवला आणि त्याने तो टाइप केल्यावर चिठ्ठी परत मागून घेऊन फाडली. तो शब्द काय होता ते इथे सांगणार नाही. एकदा सांगितला गेला तेवढं पुरे झालं.

जाताना मोठ्या मॅडम बाईंना दारातच म्हणाल्या, "करार संपेपर्यंत आता एकही दिवस उशीर नको. झाला तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

पुढचे दिवस नावाडीच्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणायचे. बाईंचं खातं एकदाही बंद झालं नाही. बाहेरच्या पानावर तो माणूस जुनं नाव टाकून बघायचा, डिरेक्टरी म्हणायची असं कोणी नाही. बाई एकदा मुद्दाम खाली येऊन सांगून गेल्या, "तुमचे फार उपकार झाले." त्यांच्या चेहऱ्यावर थोडा तजेला आला होता. नावाडीने घरी ही हकिगत सांगितली, थोडं मीठमसाला लावून, आपण दोन क्लिकमध्ये कसा एका बाईचा संसार वाचवला ते.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "दोन क्लिकचंच काम होतं, तर इतके दिवस तिला वाकवलंत कशाला?"

"तुला त्यातलं काही कळत नाही."

"नसेल कळत," ती म्हणाली आणि त्याचं ताट उचलून नेलं. त्याचं जेवण संपलं नव्हतं.

एका दुपारी खोलीतला फोन वाजला.

"नमस्कार सर. कामात असाल, त्रास देतोय, माफ करा." आवाज मऊ, शब्द मोजून-मापून. नावाडीला फोनवर सर म्हणणारं हॉस्पिटलात कुणी नव्हतं. "माझी मिसेस तुमच्याकडे लॅबमध्ये आहे. तापाने फणफणलीय बिचारी. तिच्या रजेचा अर्ज टाकायला बसलोय, तर जुनं नाव घेत नाही. ती म्हणाली, आमचे सर फार हुशार आहेत, त्यांनी नवीन करून दिलंय. आता नेमकी झोपलीय. उठवू का तिला?"

"पासवर्ड मी कुणालाही सांगत नसतो," नावाडी म्हणाला.

"छे छे, सर! पासवर्ड मागायला मी काय वेडा आहे? तो तिच्याकडे आहे. मीही थोडाफार याच लाइनमधला. नाव म्हणजे काय, दारावरची पाटी. किल्ली तर वेगळीच असते ना?"

नावाडी खुर्चीत सैलावला. हे तर त्याचंच मत. नव्या माणसाला खातं देताना तो हेच सांगायचा, पासवर्ड जपा, नाव काय, सगळ्या जगाला कळलं तरी चालतं. या धंद्यातली माणसं चुकतात ती अशी. किल्लीवर एवढा जीव की पाटी वाचून कुणी बाहेरून कुलूप घालून जाईल हे त्यांच्या मनातच येत नाही. आणि पलीकडचा तर त्याला हरभऱ्याच्या झाडावर फांदी फांदी वर चढवत होता. नावाडीने एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली.

तिसऱ्या अक्षराला त्याला आठवलं. बाई नवऱ्याकडे राहत नाहीत. मान थोडी वळवली असती तर समोरच्या पडद्यावर दिसलं असतं की त्या आत्ता, या क्षणी, वर लॅबमध्ये लॉगिन करून कामाला बसल्या आहेत. त्याने मान वळवली नाही. थांबायचं तर बोलायचं काय? एवढ्या अदबीने बोलणाऱ्या माणसाला तुम्ही खोटं बोलताय म्हणायचं? त्या बाईंना खोटं पाडायला त्याची जीभ कधी अडखळली नव्हती. त्याने उरलेली अक्षरं सांगितली, आणि पलीकडच्याने ती परत वाचून दाखवली तेव्हा एक चूक दुरुस्तही केली.

फोन ठेवल्यावरही वेळ होती. दोन क्लिक, आणखी एक नाव, झालं असतं. पण मग बाईंना बोलवावं लागलं असतं आणि का ते सांगावं लागलं असतं. असेल खरंच ताप, असं तो मनाशी म्हणाला आणि चहाला गेला.

सकाळी तो आला तेव्हा बाई खिडकीपाशी होत्या. खोली उघडण्याआधीच वाकून उभ्या होत्या. त्यांच्या मागे बरीच रांग होती आणि सगळ्यांना कळलं होतं की आज पुन्हा एक ऑपरेशन रिपोर्टसाठी अडलंय.

नावाडीने स्वेटर चढवला, मशीन चालू केलं. रांगेकडे पाहून तो म्हणाला, "काय बाई, परत पाच चुका?"

कुणीतरी हसलं.

"नाव कुणाला सांगितलंत तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"मी? मी कशाला सांगू?"

"आपल्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं."

"अहो, बायकांच्या पोटात काही राहतं का? बोलला असाल कुणाजवळ."

या वेळी चांगलाच हशा झाला. बाई तशाच वाकलेल्या, काचेखालून त्याच्याकडे बघत होत्या. "मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं मी," त्या म्हणाल्या. मग सरळ झाल्या, आणि सरळ झाल्यावर त्यांचा चेहरा काचेच्या वर गेला आणि त्याला दिसेनासा झाला.

दुपारी मोठ्या मॅडमचा फोन आला. हे कसं झालं ते त्यांना हवं होतं. अजूनही वेळ होती, खरं बोलला असता तर चूक बाईंची नाही एवढं तरी कागदावर आलं असतं. "त्यांनीच कुणाला सांगितलं असेल, मॅडम," नावाडी म्हणाला. "माझ्याकडून तर बाहेर जाणं शक्यच नाही." मॅडमनी एक निःश्वास सोडला आणि बरं म्हणाल्या.

करार पुढे वाढला नाही. शेवटच्या दिवशी वरून मेल आला, या कर्मचाऱ्याचं खातं बंद करावं. असं खातं पुसून टाकायचं नसतं, नुसतं बंद करायचं असतं, म्हणजे त्यांनी आजवर सह्या केलेले रिपोर्ट त्यांच्याच आकड्याखाली राहतात. हे सगळं नावाडीने अगदी नियमाप्रमाणे केलं. बाई ओळखपत्र द्यायला तळमजल्यावर येणार होत्या, पण त्यांनी ते शिपायाबरोबर पाठवलं. दुसऱ्या दिवशी, पहाटे त्या नावावर कुणी पाच चुका केल्यात का ते त्याने पाहिलं. एकही नव्हती.

काही महिन्यांनी पुन्हा तोच मऊ आवाज फोनवर आला. "नमस्कार सर. ओळखलंत?"

नावाडीने ओळखलं होतं. फोन आपटावा, शिव्या घालाव्यात, असं त्याच्या मनात आलं, आणि तोंडातून निघालं, "बोला ना."

"तुमचे आभार मानायचे राहिले होते. मुलगा आता माझ्याकडे आहे. कोर्टाने दिला. तिला नोकरी नाही म्हटल्यावर द्यावाच लागला. पण आता ऐकतोय की ती कुठेतरी दुसऱ्या हॉस्पिटलात लागली म्हणे. कुठे ते काही कळेना. तुमच्याकडे चौकशीला कुणाचा फोन वगैरे आला असेल ना?"

"नाही हो, मला काही माहीत नाही," नावाडी म्हणाला. तेवढ्यावर थांबणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. "माहीत असतं तर सांगितलं असतं."

"ते माहीत आहे मला, सर," पलीकडचा म्हणाला.